चेक-इन सामानाची राखण

विमानाच्या पोटात जाणारे सामान चोरी, अदलाबदल, मोडतोड आणि परकी वस्तू घुसडली जाणे यांपासून सांभाळण्याचे उपाय. काउंटरवर वजन झाले की मुक्कामाच्या बेल्टवर येईपर्यंत बॅग मालकाच्या नजरेआड असते. या काळात सुरक्षा यंत्रणा आणि कस्टम्स तिला उघडू शकतात. त्यामुळे ‘कुलूप मारले की झाले’ हा घरचा हिशेब इथे लागू पडत नाही.

आजच्या कडक तपासणीमागे दोन घातपात आहेत. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानात स्फोट होऊन ३२९ जण मेले. बॉम्ब असलेली बॅग व्हँकूवरला चेक-इन झाली होती, पण ती देणारा विमानात चढलाच नव्हता. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर उडत असलेल्या विमानातही मालकाविना निघालेल्या बॅगेतच स्फोट झाला. प्रवासी आला नाही तर त्याची बॅग उतरवायची, हा नियम त्यानंतर जगभर पक्का झाला. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर टीएसए ही प्रवासी आणि सामान तपासणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि २००३ पासून प्रत्येक चेक-इन बॅगेची स्फोटकांसाठी तपासणी सुरू झाली. बंद बॅगांची कुलपे तोडली जाऊ लागली, तसे ‘टीएसए कुलूप’ बाजारात आले. आकड्यांचा कोड मालकाचा, शिवाय एक चावीचे भोक, त्याची मास्टर-चावी तपासनिसांकडे. भोकाशेजारी लिहिलेले ‘टीएसए००७’ हा चावीच्या प्रकाराचा क्रमांक असतो, कुलपाचा कोड नव्हे. बॅग उघडून तपासणी झाली असेल तर कपड्यांवर एक छापील चिठ्ठी ठेवलेली सापडते. साधे कुलूप तोडावे लागले तर टीएसए भरपाई देत नाही.

या मास्टर-चाव्यांचा फोटो २०१४ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रात छापून आला. पुढच्याच वर्षी त्यावरून थ्री-डी प्रिंटरवर चाव्या बनवण्याच्या फाइली इंटरनेटवर फिरू लागल्या. तसे पाहिले तर चेनवाल्या बॅगेला चावीचीही गरज नाही. बॉलपेनचे टोक चेनच्या दातांत दाबले की चेन मधोमध उसवते. हात घालून हवे ते काढायचे आणि कुलपाने एकत्र अडकवलेल्या दोन्ही सरक्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायच्या. चेन पुन्हा मिटते, कुलूप जागच्या जागी, मागमूस नाही. म्हणून सरक्या एकमेकींनाच नव्हे तर बॅगेच्या अंगाला जखडल्या गेल्या पाहिजेत. बॅगेच्या कडेला बसवलेल्या कुलपात त्या अडकतात, नाहीतर तारेचे कुलूप सरक्यांतून मुठीपर्यंत ओवता येते. मग उसवलेली चेन मिटवता येत नाही आणि चोरी निदान दिसते. चेनच नसलेली, कडेने खटक्यांची टणक बॅग त्याहून बरी, फक्त जड.

प्लास्टिक गुंडाळण्याचाही मुख्य उपयोग छेडछाड उघड करण्याचाच. मनिलाच्या विमानतळावर २०१५ मध्ये सामानात बंदुकीची गोळी टाकून पैसे उकळल्याच्या तक्रारी गाजल्या, तेव्हा लोक धास्तीने बॅगा गुंडाळून नेऊ लागले. दोरखंड मात्र टाळावा. आखातात जाणारी दोरीने करकचून बांधलेली खोकी आणि गाठोडी यंत्राच्या पट्ट्यात अडकतात. दुबई विमानतळाने २०१७ मध्ये निदान एक बाजू सपाट हवी असा नियमच केला.

कुलपाइतकाच, माझ्या मते अधिकच, टॅग महत्त्वाचा. मार्च २०२३ मध्ये दोन ब्राझिली महिलांच्या बॅगांचे टॅग साओ पाउलोजवळच्या ग्वारुल्योस विमानतळावर काढून कोकेनच्या बॅगांना लावले गेले. फ्रँकफर्टला उतरताच त्यांना अटक झाली आणि निरपराध असूनही ३८ दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या बॅगांना कितीही भारी कुलूप असते तरी फरक पडला नसता. उपयोगी पडतो तो टॅग लागलेल्या बॅगेचा काउंटरवरच काढलेला फोटो, वजनाची नोंद आणि दहा आकडी टॅग क्रमांकाची पावती. जुन्या प्रवासाचे टॅग सोलून टाकावेत आणि नाव-फोनची चिठ्ठी आतही ठेवावी.

बॅग उघडली जाण्याचे कारण बरेचदा आपणच भरलेले असते. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच हवी. मसाल्यासाठी घेतलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही अडतात, कारण तेलामुळे खोबरे आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात मोडते. मंगळसूत्र, रोकड, कागदपत्रे आणि रोजची औषधे जवळच ठेवावीत. विमान कंपन्यांच्या अटींत दागिने नि रोख यांची जबाबदारी सहसा नाकारलेली असते.

आंतरराष्ट्रीय प्रवासातली भरपाई १९९९ च्या माँट्रियल करारानुसार ठरते. भारत त्यात २००९ पासून आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे, म्हणजे रुपयाच्या भावानुसार पावणेदोन लाखांच्या आसपास. ही कमाल रक्कम आहे, ठरलेली नव्हे, आणि नुकसान दाखवावे लागते. मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. यायला हवी त्या तारखेपासून २१ दिवसांतही न आलेली बॅग हरवली असे धरून दावा करता येतो.