चार्ली चॅन इन द सीक्रेट सर्व्हिस

मोनोग्राम पिक्चर्सचा १९४४ चा कृष्णधवल रहस्यपट. दिग्दर्शन फिल रोझन, पटकथा जॉर्ज कॅलाहन. जर्मन पाणबुड्यांविरुद्ध काम करणाऱ्या एका संशोधकाचा घरात पाहुणे असतानाच खून होतो, आराखडे गायब होतात आणि तपासाला चिनी वंशाचा डिटेक्टिव्ह चार्ली चॅन येतो.

चॅन मुळात कुठून आला यावर बराच वाद आहे. अमेरिकन लेखक अर्ल डेर बिगर्सची पहिली चॅन कादंबरी १९२५ ची. त्याआधीची त्याची हवाई बेटांवरची सुट्टी कोणी १९१९ ची धरतं तर कोणी १९२० ची. नंतर न्यूयॉर्कच्या लायब्ररीत होनोलुलूचा पेपर चाळताना चँग अपाना या चिनी वंशाच्या डिटेक्टिव्हची बातमी दिसली आणि तिथून पात्र सुचलं असं सर्रास सांगतात. पण बिगर्सने वेगवेगळ्या वेळी केलेली विधानं एकमेकांशी नीट जुळत नाहीत, शिवाय अपाना सडपातळ, चेहऱ्यावर व्रण आणि हातात चाबूक घेऊन धाडी घालणारा, तर चॅन गोलमटोल आणि सुभाषितं बोलणारा, त्यामुळे ठिणगी बातमीची असेलही पण माणूस बिगर्सनेच घडवला हे मत जास्त पटतं.

चॅनपटांची मालिका आधी फॉक्स स्टुडिओ काढायचा, त्याने १९४२ मध्ये ती बंद केली. मग चॅन साकारणाऱ्या सिडनी टोलरनेच बिगर्सच्या विधवेकडून हक्क विकत घेतले आणि निर्माता फिलिप क्रास्नेमार्फत गाडी मोनोग्रामकडे गेली. फॉक्सच्या काळात एका चित्रपटाला साधारण दोन लाख डॉलर लागायचे, इथे ७५ हजारांच्या आसपास, म्हणून मग बहुतेक गोष्ट एकाच घरात घडते. त्यात युद्धामुळे सेटच्या नव्या सामानावर सरकारने चित्रपटामागे ५ हजार डॉलरची मर्यादा घातलेली. असे चित्रपट डबल बिलमध्ये, म्हणजे एका तिकिटात दोन चित्रपटांच्या खेळात, दुसरे म्हणून लागायचे आणि थिएटरवाले ठरलेलं भाडं द्यायचे, म्हणजे कमाई आधीच माहीत, मग खर्च त्याच्या आत बसवायचाच.

या चित्रपटात चॅन पूर्वीसारखा होनोलुलू पोलिसात नाही, थेट अमेरिकन सरकारसाठी काम करतो. युद्धात चीन अमेरिकेचं मित्रराष्ट्र होतं आणि चिनी लोकांवरची अमेरिकेतली प्रवेशबंदी डिसेंबर १९४३ मध्येच उठली होती, चित्रपट आला फेब्रुवारी १९४४ मध्ये. तरीही चॅन झालेला टोलर मिसुरीचा गोरा माणूस, मेकअप करून चिनी बनलेला, आणि मुलं टॉमी अन् आयरिस मात्र बेन्सन फाँग आणि मॅरियान क्वॉन या चिनी वंशाच्या कलाकारांनी केली, ही विसंगती आज बघताना फार खुपते.

ड्रायव्हर बर्मिंगहॅम ब्राउन झालेला मँटन मोरलँड हा चित्रपटातला सगळ्यात जिवंत माणूस. भूमिका घाबरट कृष्णवर्णीय नोकराच्या ठरीव साच्यातली आहे, पण वाक्य कुठे तोडायचं हे त्याला इतकं अचूक कळतं की तो आला की सीन उचलला जातो, आणि मोनोग्रामच्या पुढच्या बहुतेक चॅनपटांत तो आहेच. टोलरने मोनोग्रामसाठी एकूण ११ केले, १९४७ मध्ये तो वारल्यावर चॅन म्हणून रोलंड विंटर्सने आणखी ६.