आहारविकार समुपदेशन (बेळगाव सीमाभाग)

जेवण टाळून वजन उतरवत राहणे, भरमसाट खाऊन मुद्दाम ओकून टाकणे किंवा ताबा सुटून खात राहणे अशा विकारांत रुग्णाला व त्याच्या घरच्यांना दिला जाणारा मानसोपचारात्मक आधार. यांतील पहिल्या, म्हणजे जेवण टाळण्याच्या विकाराचे ॲनोरेक्सिया नर्व्होझा हे नाव विल्यम गल या ब्रिटिश वैद्यांनी १८७०च्या दशकात रूढ केले. भरमसाट खाऊन ओकण्याच्या विकाराचे, म्हणजे बुलिमिया नर्व्होझाचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत हा आजार मनाचा म्हणून सहसा ओळखला जात नाही. ‘पोरीच्या अंगाला काही लागत नाही’, ‘दोन घास खाल्ले की पोट गच्च होतंय’ अशा तक्रारी घेऊन घरचे आधी पोटाच्या डॉक्टरकडे जातात, पाळी थांबली की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. मधल्या काळात दृष्टही काढून होते. जाडीची भीती रुग्ण बोलून दाखवतेच असे नाही. मुलग्यांत तर शंकाही येत नाही, कारण वजनगटासाठी पाणी तोडणारा पैलवान किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा तरुण कौतुकाचाच विषय असतो.

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार यांमुळे न जेवण्याला घरात मान असतो. उपास म्हणजे विकार नव्हे. साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेणाऱ्याचा उपास तर नव्हेच. म्हणून समुपदेशकाने उपास किती हे विचारण्यापेक्षा तो सुटतो कसा हे विचारावे. फराळही नको म्हणणे, सोडायच्या वेळी सबबी सांगणे, घरात कुणी न धरणारे नवे वार धरत जाणे, या खुणा जास्त बोलक्या असतात.

किशोरवयीन ॲनोरेक्सियात कुटुंबाधारित उपचाराला सर्वांत चांगला आधार आहे. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातील कामातून तो घडला. आजाराचे खापर आईबापांवर फोडायचे नाही, उलट काही काळ जेवणाचा निर्णय त्यांच्या हाती द्यायचा आणि वजन सावरू लागले की तो हळूहळू मुलीकडे परत सोपवायचा, असा त्याचा क्रम. सीमाभागातील एकत्र कुटुंबात अडचण येते ती इथेच. आई ताट वाढते, आजी ‘राहू दे, नको म्हणतेय तर’ म्हणून ते उचलते, आणि आत्या स्थळ बघायला येणार म्हणून बारीकपणाचे कौतुक करते. तेव्हा बैठकीला आईवडिलांइतकेच आजीला बोलावणे गरजेचे ठरते. ताटावर भांडण नाही, शरीरावर शेरा नाही आणि भावंडांना पहारेकरी नेमायचे नाही, एवढे ठरले तरी घर निवळते.

फार काळ उपाशी राहिलेल्या मुलीवर एकदम तूप-लाडवांचा मारा करणे मात्र धोक्याचे. अन्न अचानक वाढले की रक्तातील फॉस्फेट घसरून हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे समुपदेशन एकट्याने पुरत नाही. रक्ततपासणी व वैद्यकीय देखरेख सोबत हवी. चक्कर येऊन पडणे, नाडी फार मंद होणे ही रुग्णालय गाठण्याची वेळ होय.

बेळगावात शासकीय ‘बिम्स’ आणि केएलईचे प्रभाकर कोरे रुग्णालय ही मोठी रुग्णालये असून धारवाडला ‘डिमहान्स’ ही मानसिक आरोग्यसंस्था आहे. देशभरच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मूळ नमुना कर्नाटकातच, बळ्ळारी जिल्ह्यात, १९८०च्या दशकात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्यसंस्थेने उभा केला. बेळगावात कागद कन्नड वा इंग्रजीत असले तरी चालते. बोलणे मात्र रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावे, कारण ‘नको वाटतंय’ आणि ‘जात नाही’ यांतला फरक दुभाष्याच्या हातून निसटतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मोफत दूरध्वनी सेवेशी १४४१६ वर बोलता येते.

अल्पवयीन मुलीला मानसोपचार केंद्रात दाखल करावे लागल्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधी (अल्पवयीनांसाठी सहसा कायदेशीर पालक) किंवा त्याने नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ तिच्यासोबत राहते. प्रतिनिधी पुरुष असेल, तर सोबतीला स्त्रीच नेमावी लागते.