घसरलेल्या गाडीपर्यंत पोचायचं कसं?

दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजरने गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना ४ मे २०१४ चा रविवार विसरता येत नाही. नागोठणे आणि रोह्याच्या मधे, निडीजवळ ही गाडी घसरली आणि वीसच्या आसपास माणसं गेली. मदतीला आधी धावले ते आजूबाजूचे गावकरी.

यात नवल काहीच नाही. रेल्वेची मदत येते रुळांवरूनच. वैद्यकीय मदतगाडी ज्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी असते, तिला शक्यतो दोन्ही टोकांना वाट ठेवतात. भोंगा वाजला की शंटिंगमध्ये, म्हणजे गाडी मागेपुढे करून रूळ बदलण्यात, वेळ जाऊ नये म्हणून. अशा गाडीने पंधरा मिनिटांत सुटावं, असा दंडक आहे. पण सुटणं वेगळं आणि घाटाबोगद्यांतून पोचणं वेगळं.

कोकण रेल्वेवर हे फार लवकर कळलं. १९९८ च्या जानेवारीत मार्ग पूर्ण झाला, तोही एकेरी. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला येणारी सुट्टीची खास गाडी दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच वर्षी, १६ जूनला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दगड आडवा आला आणि डबे पुलावरून खाली गेले. एकेरी मार्गावर गाडी अशी अडकली की मदतगाडीला दोनच दिशा उरतात, आणि घसरलेल्या डब्यांपलीकडे तिला जाताच येत नाही.

देशपातळीवर विचार सुरू झाला तो बिहारमधल्या रफीगंजच्या राजधानी अपघातानंतर. सप्टेंबर २००२ मध्येच उच्चस्तरीय समिती नेमली गेली. जखमीचा पहिला तास वाया जाऊ नये, यावर भर आला. मला त्याहून मोठा वाटतो तो डबा कापण्याच्या पद्धतीतला बदल. गॅस कटरने पत्रा कापताना ठिणग्या उडतात, रेक्झिन धुमसतं, आणि माणूस तर आत अडकलेला. हायड्रॉलिक कात्री ज्वाळेशिवाय कापते, स्प्रेडर चेपलेला पत्रा फाकवतो. गावकऱ्यांच्या हातात मात्र पहार आणि दोर.

कोकणात पुढे कातळावर जाळ्या बसल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आलं, गाड्यांचा वेग कमी झाला. (उशीर झाला की आपणच कुरकुरतो, ते वेगळं.) रोहा ते वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे रत्नागिरीकडे जाताना अजून एकेरीच.