पार्श्वभूमी : ‘अशुद्ध रक्त’ आणि रक्तवाहिन्यांच्या नावांचा घोळ

तपासणीसाठी रक्त काढतात ते शिरेतून. नळीत उतरते ते गडद तांबडे असते, निळे नव्हे. तरी शाळेत शिकलेला ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द जिभेवरून हटत नाही. हृदयाकडे परतणाऱ्या या रक्तातले हिमोग्लोबिन माणूस स्वस्थ बसलेला असताना ऑक्सिजनने सुमारे 75 टक्के भरलेले असते. धमनीत हेच प्रमाण 95 टक्क्यांच्या वर. म्हणजे सगळा फरक पाव हिश्शाच्या आतबाहेरचा. तेवढ्यावरून रक्ताला अशुद्ध ठरवणे जरा जास्तच झाले.

वाहिनीला तिच्यातल्या मालावरून नाव द्यायची खोड जुनी आहे आणि ती दर वेळी अंगाशी आली आहे. मृत्यूनंतर धमन्या आकसतात, त्यांतले रक्त शिरांकडे सरकते. प्राचीन ग्रीकांनी त्या रिकाम्या पाहिल्या आणि त्यांत हवा खेळते असे ठरवून टाकले. आपला ‘धमनी’ शब्दही ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूवरून आलेला. जुन्या संस्कृत शल्यग्रंथात 700 सिरा आणि 24 धमन्या मोजल्या आहेत, त्याही नाभीपासून निघणाऱ्या. दुसऱ्या शतकात रोममधल्या एका ग्रीक वैद्याने प्राण्याची धमनी दोन ठिकाणी बांधली, मधोमध कापली आणि आत रक्तच असल्याचे दाखवले. पण यकृत सतत नवे रक्त बनवते आणि अवयव ते संपवतात, हे त्याचेच मत पुढे सुमारे चौदाशे वर्षे चालले. तेराव्या शतकात कैरोतल्या एका हकिमाने हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे लिहून ठेवले होते. त्या हस्तलिखिताकडे जगाचे लक्ष गेले ते 1924 मध्ये, बर्लिनच्या ग्रंथालयात.

खरा निकाल लावला तो 1628 मध्ये एका इंग्रज वैद्याने, आणि तोही चक्क गुणाकार करून. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकते याचा त्याने मुद्दाम कमी अंदाज धरला आणि अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी त्याला गुणले. उत्तर आले ते अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त. एवढे रक्त कुठले यकृत बनवणार? मग त्याने दंडाला पट्टी बांधली. करकचून आवळली की नाडी बंद आणि हात गार. थोडी सैल केली की खालच्या शिरा टरारून फुगतात. रक्त धमनीतून आत येते आणि शिरेतून परत जाते, हे त्यातून उघड झाले. शिरांमधल्या झडपा त्याच्या पादुआतल्या गुरुजींनीच 1603 मध्ये छापून दाखवल्या होत्या, पण त्या एकाच दिशेला उघडतात याचा अर्थ शिष्याला लागला. धमनीतले रक्त शिरेत शिरते कसे, हे मात्र त्याला दिसले नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1661 मध्ये, बोलोन्यात बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या दिसल्या.

तेव्हापासून नाव ठरवायची कसोटी दिशा हीच राहिली: हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. मराठीत त्यांना ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ असेही शब्द आहेत. शब्द देखणे, पण रोहिणी म्हणजे तांबडी आणि नीला म्हणजे निळी, म्हणजे पुन्हा मालावरच गाडी आली. फुप्फुसाकडे जाणारी ‘तांबडी’ गडद रक्त नेते आणि तिथून परतणाऱ्या चार ‘निळ्या’ लालभडक रक्त आणतात. गर्भाच्या नाळेतही असेच उलटे. आतड्यांकडून यकृतात जाणारी मोठी शीर तर दिशेच्या व्याख्येतही धड बसत नाही. ती केशवाहिन्यांतून निघते आणि हृदयाशी न पोचता पुन्हा बारीक जाळ्यातच विरते. बोलण्यातली ‘नस’ त्याहून बेफिकीर. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा दबलेला असतो तो मज्जातंतू, रक्ताशी त्याचा संबंधच नसतो.

राहिले शुद्ध-अशुद्ध. फुप्फुसे रक्तातला काजळीसारखा मळ बाहेर टाकतात, ही समजूत प्राचीन. 1669 मध्ये लंडनच्या एका वैद्याने दाखवले की गडद रक्त फुप्फुसात हवा मिळाली की लाल होते. 1837 मध्ये बर्लिनमध्ये रक्तातले वायू मोजले गेले, तेव्हा ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही प्रकारच्या रक्तात सापडले. वाद तिथेच मिटायला हवा होता. युरिया या टाकाऊ पदार्थाच्या हिशेबाने पाहिले तर मूत्रपिंडातून बाहेर पडणारी शीर आत शिरणाऱ्या धमनीपेक्षा स्वच्छ असते! ‘ऑक्सिजनविरहित’ हा नवा शब्दही त्याच चुकीचा सुधारित अवतार.

रक्ताच्या दाबाची गोष्ट निराळी. 1733 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात घोडीच्या धमनीत नळी बसवून रक्त आठ फुटांच्या वर चढलेले पाहिले गेले होते. दाब मोजायचा दंडाचा पट्टा 1896 चा, आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दोन आकडे वाचणे 1905 पासूनचे.

माल झाला, दिशा झाली. नळीच्या भिंतीकडे मात्र कोणी फारसे पाहिले नव्हते. एक विशिष्ट रसायन शरीरात टोचले की धमन्या सैलावत, पण प्रयोगशाळेत धमनीच्या पट्टीवर घातले की ती आखडे. 1980 मध्ये अमेरिकेत याचे कारण कळले: पट्टी कापताना आतले पेशींचे नाजूक अस्तर घासून निघत होते. अस्तर राखले की धमनी सैल पडे. अस्तरातून निघणारा तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू निघाला, आणि त्या शोधाला 1998 चे नोबेल मिळाले. छातीतल्या कळेवर नायट्रोग्लिसरिन 1870 च्या दशकापासून दिले जात होते. शरीरात त्यापासून हाच वायू सुटतो, हे कळायला शंभर वर्षे गेली.