उच्चशक्ती रेडिओ-वारंवारता विवर्धक (प्रयोगशाळेतील)

सिग्नल जनरेटरमधून निघणारा मिलिवॉटभर संकेत दहा, शंभर किंवा हजार वॉटपर्यंत वाढवून चाचणीला पुरवणारे उपकरण. बोलण्यात ‘आरएफ ॲम्प्लिफायर’ किंवा नुसताच ‘ॲम्प’. शेजारी वॉकीटॉकी चालू असताना एखादे नियंत्रक यंत्र गडबडते का, हे पाहणाऱ्या ईएमसी (विद्युतचुंबकीय सुसंगतता) चाचणीत त्याचा मुख्य वापर होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ॲम्प म्हटले की गणपतीच्या मंडपातला आठवतो. त्या ओळखीवर इथे विसंबू नये. मंडपातल्या ट्रान्झिस्टर ॲम्पला स्पीकर जोडायचा राहिला तर आवाज येत नाही, एवढेच. आरएफ ॲम्पच्या आउटपुटला अँटेना किंवा डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोधक) नसेल, तर गेलेली शक्ती उलटी येते आणि संरक्षण नसल्यास आउटपुटचा ट्रान्झिस्टर जळतो. सांगली किंवा धारवाड आकाशवाणीच्या प्रक्षेपकाशीही त्याची तुलना अर्धवटच. प्रक्षेपक एका ठरलेल्या वारंवारतेला जुळवलेला असतो; या विवर्धकाला ८० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ असा सगळा पट्टा एका दमात पेलावा लागतो. इतक्या रुंद पट्ट्यावर अँटेना सगळीकडे नीट जुळत नाही, विशेषतः खालच्या टोकाला. थोडी शक्ती परत येणारच, म्हणून ती सोसणारी ‘अ’ वर्गाची (क्लास ए, म्हणजे ट्रान्झिस्टर सतत चालू ठेवणारी) रचना पसंत केली जाते. हा वर्ग वीज मात्र खातो: संकेत नसतानाही पूर्ण प्रवाह चालू. कार्यक्षमतेची सैद्धांतिक कमाल ५० टक्के, प्रत्यक्षात बरीच कमी. उरलेली सगळी उष्णता.

किती वॉटचा घ्यावा? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बनणाऱ्या एखाद्या हायड्रॉलिक प्रेसचे कंट्रोल पॅनल धरू. औद्योगिक वापरासाठी आयईसी ६१०००-६-२ या आंतरराष्ट्रीय मानकात १० व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र सांगितले आहे. तीन मीटरवर एवढे क्षेत्र उभे करायला, अँटेनाचा लाभ (शक्ती एका दिशेला एकवटण्याचा गुण) धरून, ३० वॉट प्रभावी शक्ती पुरते. पण चाचणीचा संकेत ८० टक्के एएम असतो, म्हणजे त्याची उंची ८० टक्क्यांनी वरखाली होत राहते. त्याचे शिखर १.८ पट, म्हणजे शक्ती त्याच्या वर्गाएवढी, ३.२४ पट. आकडा ९७ वॉटवर जातो, त्यात केबलमधला ऱ्हास वेगळा. क्षेत्र दुप्पट हवे असेल तर शक्ती चौपट.

खरेदीत फसवते ती पाटीवरची संख्या. ती बहुधा संपृक्त शक्तीची, म्हणजे विवर्धक पार ताणल्यावर मिळणाऱ्या कमाल शक्तीची असते. विचारायची ती १ डेसिबल संपीडनाची, म्हणजे विवर्धन नेहमीपेक्षा १ डेसिबलने घटते त्या बिंदूची. विवर्धक दमला की गुणित वारंवारता (मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा नको असलेल्या) वाढतात, क्षेत्रमापक त्याही मोजतो आणि पॅनल भलत्याच वारंवारतेला नापास ठरते.

एक गिगाहर्ट्झपर्यंत बहुधा एलडीमॉस (सिलिकॉनचा एक प्रकार), त्यापुढे बहुधा गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर वापरतात. गिगाहर्ट्झ पट्ट्यात किलोवॉट हवे असतील तिथे प्रगामी-तरंग नळी (ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब, एक निर्वात नळी) अजून टिकून आहे.

चालू करताना आधी लोड जोडायचा, एन-कनेक्टर (केबलचा आट्यांचा जोड) हाताने आवळून पाहायचा, मग वीज, आणि संकेत शेवटी, तोही शून्यावरून, दिशादर्शी कपलरवरचा (जाणारी आणि परतणारी शक्ती वेगवेगळी दाखवणारा जोड) उलट शक्तीचा आकडा बघत. बंद करताना संकेत आधी.