८० टक्क्यांवर थांबणाऱ्या चार्जिंगची पार्श्वभूमी

'८० टक्क्यांपर्यंतच चार्ज करा' हा पर्याय आता बहुतेक लॅपटॉपमध्ये सापडतो आणि तो कालपरवाचा शोध असल्यासारखा सांगितला जातो. खरं तर ही सोय जुनीच. सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचायला मात्र तिला फार वर्षं लागली.

जुन्या लॅपटॉपमध्ये निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या दर वेळी अर्धवटच उतरवल्या तर पुढे पुरेसं व्होल्टेज देईनाशा होतात, हे उपग्रहांवरच्या बॅटऱ्यांत आढळलं होतं. 'पूर्ण उतरवा, मग पूर्ण भरा' हा सल्ला त्या काळातला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढच्या काही वर्षांत लॅपटॉपही तिच्याकडे वळले. रसायन बदललं, सल्ला तोच राहिला. नव्या फोनला 'पहिल्यांदा आठ तास लावून ठेवा' असं आपल्याकडचे दुकानदार नंतरही कितीतरी वर्षं सांगत होते.

लिथियम-आयनला उलट पूर्ण भरलेलं राहणंच सोसत नाही. नेहमीचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. (पुढे जास्त ऊर्जा मावावी म्हणून काही सेलमध्ये ही मर्यादा ४.३५ आणि त्याहूनही वर नेली गेली.) इतक्या व्होल्टेजला धन टोकाशी इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं विद्युतभार वाहून नेणारं द्रावण) हळूहळू विघटित होतं. ऋण टोकावर जो थर साचत जातो त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. लॅपटॉप वापरला नाही तरी हे चालूच राहतं, आणि उष्णतेने वेग वाढतो. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरचा तक्ता यासाठी पाहण्यासारखा आहे. २५ अंशांना ४० टक्के भरून ठेवलेल्या बॅटरीत वर्षाने ९६ टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दिवसभर चार्जरला लावलेल्या लॅपटॉपचं काय होत असेल, ते यावरून कळावं.

'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा' या सल्ल्याचं मूळ वेगळं आहे. बॅटरीतलं सर्किट किती विद्युतभार आत आला आणि किती बाहेर गेला याचा हिशोब ठेवतं आणि त्यात हळूहळू चूक साचते. पूर्ण उतरवल्याने तो हिशोब जुळतो, टक्केवारी खरी दिसते. आयुष्य मात्र वाढत नाही.

चार्जिंग कुठे सुरू व्हावं आणि कुठे थांबावं हे ठरवायची सोय थिंकपॅड या लॅपटॉपवर फार पूर्वीपासून होती. सोनीच्या वायो लॅपटॉपमध्येही ८० किंवा ५० टक्क्यांवर थांबण्याचा पर्याय असे. मग ती सगळ्यांना आपसूक का मिळाली नाही? माझ्या मते खोक्यावर छापलेल्या तासांमुळे. 'बॅटरी इतके तास चालते' हा आकडा पूर्ण चार्जवरचा असतो. तो कोण कमी करून घेईल?

शिवाय तेव्हा बॅटरी खटका सरकवून काढता यायची. सतत चार्जरवर काम करणारे ती काढून ठेवत. भारनियमनाच्या काळात आपल्याकडे ते परवडणारं नव्हतं, तिथे बॅटरी हाच यूपीएस होता. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी आत बंद झाली, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये ती चक्क चिकटवली गेली, आणि २०११ पासून आलेली अल्ट्राबुकं, म्हणजे पातळ-हलके लॅपटॉप, हीही त्याच वाटेने गेली. बॅटरी बदलणं महाग आणि कटकटीचं झालं, तेव्हा कुठे ती टिकवण्याची जबाबदारी सॉफ्टवेअरकडे आली.

डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम हळू केल्याचं ॲपलने मान्य केलं आणि बॅटरीची तब्येत हा चारचौघांत बोलण्याचा विषय झाला. २०१९ च्या आयओएस १३ मध्ये ८० टक्क्यांवर थांबून उरलेलं चार्जिंग वापराच्या वेळेआधी पुरं करण्याची सोय आली. मे २०२० मध्ये मॅकओएस कॅटालिनाच्या १०.१५.५ आवृत्तीत लॅपटॉपच्या बॅटरीची देखभाल आली. कोरोनाच्या टाळेबंदीत लॅपटॉप घरातल्या टेबलावर अहोरात्र चार्जरला अडकून पडले होते ते नेमके याच महिन्यांत.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या ४८ व्या आवृत्तीत हा पर्याय २०२५ साली थेट सेटिंगमध्ये आला. विंडोजवर अजून कंपनीगणिक वेगळी तऱ्हा आहे: असूसचं मायअसूस ॲप, लेनोवोचं व्हँटेज, डेलमध्ये बायोससुद्धा (विंडोज सुरू होण्याआधीची सेटिंग). विंडोज नव्याने टाकलं की कंपनीचं ॲप बऱ्याचदा परत घातलंच जात नाही, त्याबरोबर ही सेटिंगही नजरेआड होते. युरोपीय संघात मात्र १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडता, अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू होतो आहे.