फ्रँचायझी क्रिकेटमधील कर्णधारशैली

फ्रँचायझी क्रिकेटमधील कर्णधारशैली : लिलावातून उभ्या राहिलेल्या आणि हंगामापुरत्या एकत्र आलेल्या संघाला कर्णधार ज्या रीतीने खेळवतो ती रीत, व तिचा खेळाडूंच्या कामगिरीवर होणारा परिणाम. या नोंदीला इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल, २००८ पासून), महिलांची वुमेन्स प्रीमियर लीग (डब्ल्यूपीएल, २०२३ पासून) आणि कोल्हापूर टस्कर्स हा संघ जिच्यात खेळतो ती महाराष्ट्र प्रीमियर लीग (एमपीएल, २०२३ पासून) यांचा आधार आहे.

रणजी संघाचा कर्णधार आपल्या बहुतेक सहकाऱ्यांना वयोगटाच्या सामन्यांपासून ओळखतो. फ्रँचायझीच्या कर्णधाराला ही ओळख आयती मिळत नाही. संघ कोणता असावा हे संघमालक, प्रशिक्षक आणि विश्लेषक मिळून लिलावाच्या टेबलावर ठरवतात. पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी खेळाडू गोळा होतात आणि दोन महिन्यांत पांगतात. आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम (सामना सुरू असताना एक खेळाडू बदलण्याची मुभा) आल्यावर अकरा जणांची निवडही डगआउटकडे, म्हणजे सीमेबाहेर बसलेल्या प्रशिक्षकांकडे, बरीच सरकली. तरी दोन गोष्टी अजून कर्णधाराकडेच आहेत : या घडीला चेंडू कोणाच्या हातात द्यायचा, आणि काल अपयशी ठरलेल्याच्या पाठीशी आज उभे राहायचे की नाही. प्रशिक्षक कितीही आग्रही असला तरी विसाव्या षटकात मैदानात तो नसतो.

कर्णधाराच्या शैलीचा ठसा संघातल्या बड्या ताऱ्यांवर फारसा दिसत नाही. विराट कोहलीने २०१६ च्या हंगामात चार शतकांसह ९७३ धावा केल्या तेव्हा कर्णधार तो स्वतःच होता, आणि त्याचा संघ अंतिम सामना हरला. शैलीचा खरा परिणाम दिसतो तो सातव्या क्रमांकापासून पंधराव्या क्रमांकापर्यंतच्या खेळाडूंवर, म्हणजे ज्यांची जागा पक्की नाही, ज्यांना एखादा वाईट दिवस बाकावर बसवू शकतो त्यांच्यावर. कर्णधार शांत की तापट, बोलका की अबोल, या वर्णनांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न एकच आहे : खेळाडूला दिलेले काम अपयशानंतरही त्याच्याकडे राहते का?

फ्रँचायझी संघांची पूर्वपीठिका कोल्हापूरला परकी नाही. संस्थानी काळात बडोदे, होळकर अशा संघांनी बाहेरगावचे खेळाडू पदरी ठेवले होते. आजच्या फ्रँचायझीचे बीज तिथे सापडते. कोल्हापुरात जन्मलेले भाऊसाहेब निंबाळकर बडोद्याकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, कर्नल सी. के. नायडूंच्या करड्या शिस्तीतल्या होळकर संघाकडूनही खेळले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, त्यांत निंबाळकरांच्या नाबाद ४४३ होत्या. डॉन ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा तत्कालीन विक्रम गाठायला ९ धावा हव्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी डाव घोषित करण्याची मागणी केली. महाराष्ट्राचे कर्णधार जतचे राजे होते. त्यांनी आणखी थोडा खेळ मागितला, पण काठेवाडने सामनाच सोडून दिला. विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचे नाव नको, एवढेच त्यामागचे कारण. निंबाळकर कसोटी कधीच खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत चारशे धावांचा डाव रचूनही कसोटी न खेळलेले ते २०२२ पर्यंत एकमेव फलंदाज होते. कर्णधाराचा एक निर्णय खेळाडूच्या आकड्यावर किती कायमची मोहर उमटवतो, याचे इतके दुखरे उदाहरण भारतीय क्रिकेटमध्ये दुसरे नाही.

आयपीएलमधील पहिली ठळक शैली शेन वॉर्नची. २००८ मध्ये राजस्थान रॉयल्स हा कमी खर्चात उभा केलेला संघ होता. वॉर्नने नवख्यांना त्यांच्या ताकदीपेक्षा मोठी कामे दिली. युसूफ पठाण, कोवळा रवींद्र जडेजा आणि गोव्याचा स्वप्निल असनोडकर ही नावे त्याच हंगामात घराघरात पोहोचली. शेन वॉटसन स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पहिले विजेतेपद राजस्थानला मिळाले.

महेंद्रसिंह धोनीची रीत उलट दिशेने जाणारी होती. तो मोठी स्वप्ने दाखवत नसे. जागा देई आणि ती हलवत नसे. ऋतुराज गायकवाडचे २०२० मधले पहिले तीन डाव ०, ५ आणि ० असे होते. चेन्नईने त्याला पुन्हा सलामीला पाठवले आणि त्याने सलग तीन अर्धशतके केली. पुढच्याच वर्षी ६३५ धावांसह ऑरेंज कॅप, म्हणजे हंगामात सर्वाधिक धावा करणाऱ्याची टोपी, त्याच्या डोक्यावर होती. २०१८ च्या अंतिम सामन्यात वॉटसनला पहिल्या दहा चेंडूंत एकही धाव काढता आली नाही, शेवटी तो ५७ चेंडूंत नाबाद ११७ वर परतला. २०२३ मध्ये अजिंक्य रहाणेने १७० च्या पुढच्या स्ट्राइक रेटने (शंभर चेंडूंमागच्या धावा) फलंदाजी केली आणि शिवम दुबेने ४१८ धावा केल्या. दोघेही त्याआधी दुसऱ्या संघांत चाचपडत होते. पाच विजेतेपदांचे बरेचसे गुपित या स्थिरतेत आहे.

रोहित शर्माच्या मुंबईनेही पाच विजेतेपदे मिळवली (२०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२०), मात्र त्याच्या विश्वासाला जोखमीची धार जास्त. २०१९ च्या अंतिम सामन्यात लसिथ मलिंगाच्या तीन षटकांत ४२ धावा गेल्या होत्या, त्यांतल्या २० एकाच षटकात. चेन्नईला शेवटच्या षटकात ९ हव्या असताना रोहितने चेंडू मलिंगालाच दिला. शेवटच्या चेंडूवर शार्दूल ठाकूर पायचीत झाला आणि मुंबई एका धावेने जिंकली. मलिंगाचा यॉर्कर अनुभवातून घडलेला होता, हे खरेच; पण मार खाल्लेल्या हातात तोच चेंडू परत देणे हा कर्णधाराचा भाग होता.

गौतम गंभीरने कोलकात्याला २०१२ आणि २०१४ मध्ये जिंकवले ते आक्रमक क्षेत्ररचनेच्या बळावर. टी-ट्वेंटीतही तो फलंदाजाच्या तोंडासमोर क्षेत्ररक्षक उभे करी. सुनील नारायणने २०१२ मध्ये २४ बळी घेतले. २०१७ मध्ये गंभीरने याच नारायणला सलामीला पाठवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये गंभीर मार्गदर्शक म्हणून परतला तेव्हा नारायणच्या नावावर ४८८ धावा आणि १७ बळी होते.

या सगळ्याचे श्रेय कर्णधाराला सरळ देता येत नाही, ही या विषयातली मोठी अडचण. २०१७ मध्ये पुण्याच्या रायझिंग सुपरजायंटने धोनीकडून कर्णधारपद काढून स्टीव्ह स्मिथला दिले. आदल्या वर्षी सातवा आलेला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, राहुल त्रिपाठीने सलामीला ३९१ धावा केल्या, जयदेव उनाडकटने २४ बळी घेतले. पण त्याच वर्षी बेन स्टोक्सही संघात आला होता. हार्दिक पंड्याने २०२२ मध्ये गुजरातला पहिल्याच हंगामात विजेतेपद दिले, स्वतः ४८७ धावा केल्या. तोच हार्दिक २०२४ मध्ये मुंबईचा कर्णधार झाला; वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली, त्याच्या २१६ धावा झाल्या आणि संघ दहावा आला. माणूस तोच, शैलीही साधारण तीच. ड्रेसिंग रूमने आणि प्रेक्षकांनी ती कशी स्वीकारली, एवढाच फरक. २०२२ मध्ये जडेजाकडे चेन्नईचे कर्णधारपद आले, तेव्हा आठपैकी सहा सामने गमावून त्याने ते धोनीला परत दिले. त्या हंगामात त्याची बॅट आणि फिरकी दोन्ही मंदावल्या होत्या.

कोल्हापूरच्या शेजारी, सांगलीत वाढलेली स्मृती मानधना हे या विषयाचे सर्वांत जवळचे आणि बोलके उदाहरण. २०२३ मध्ये डब्ल्यूपीएलच्या बंगळूर संघाने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतले. पहिल्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. कर्णधार म्हणून तिच्या संघाने आठपैकी दोनच सामने जिंकले आणि तिच्या स्वतःच्या १४९ धावा झाल्या. फ्रँचायझीने कर्णधार बदलला नाही, प्रशिक्षक बदलला. २०२४ मध्ये तिने ३०० धावा केल्या. मुंबईविरुद्धच्या बाद फेरीत शेवटच्या षटकात १२ धावा वाचवायच्या असताना तिने चेंडू लेगस्पिनर आशा शोभनाला दिला. आशा तेव्हा तिशी ओलांडलेली होती आणि भारताकडून एकही सामना खेळली नव्हती. बंगळूर ५ धावांनी जिंकले, अंतिम सामन्यात श्रेयांका पाटीलने १२ धावांत ४ बळी घेतले आणि विजेतेपद आले. फलंदाज मानधना आणि कर्णधार मानधना एकाच वर्षी मोकळ्या झाल्या, हा योगायोग नसावा. कोल्हापूरची ऑफस्पिनर अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी खेळली आणि महाराष्ट्राची कर्णधार होती. या भागातल्या मुलींसमोर कर्णधार म्हणून दोन चेहरे आहेत, हे थोडे नव्हे.

एमपीएलच्या पहिल्या हंगामात कोल्हापूर टस्कर्सचा कर्णधार केदार जाधव होता. त्याची निवड या नोंदीच्या दृष्टीने सूचक आहे, कारण गोलंदाज केदार हा कर्णधाराच्या नजरेतून जन्माला आलेला खेळाडू. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशाला येथे न्यूझीलंडविरुद्ध धोनीने त्याच्याकडे चेंडू दिला आणि त्याने लागोपाठच्या दोन चेंडूंवर बळी घेतले. हात खाली नेऊन टाकलेली ती फिरकी पुढे भारताचे नेहमीचे अस्त्र बनली. टस्कर्स २०२३ मध्ये अंतिम फेरीत पोहोचले. पावसाने सामना धुतला आणि साखळीत वरच्या स्थानावर असल्यामुळे रत्नागिरी जेट्सला विजेतेपद मिळाले. पुढे टस्कर्सचे नेतृत्व राहुल त्रिपाठीकडे आले. सुरुवातीच्या हंगामांचे सामने पुण्याजवळच्या गहुंजेला झाले, त्यामुळे कोल्हापूरकरांनी आपला संघ पाहिला तो पडद्यावर. घरचे मैदान नसणे ही या संघाची मोठी उणीव आहे. गर्दीचा राग-लोभ अंगावर घेतल्याशिवाय कर्णधाराची शैली पूर्ण उमगत नाही.

कोल्हापूर मुळात फुटबॉलवेडे शहर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहारसारख्या तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठेची निष्ठा पिढीजात असते. विकत घेतलेल्या संघाची कल्पना तिथे उशिरा रुजली. टेनिस बॉल क्रिकेटने मात्र ती गावोगावी नेली. संघमालक, लिलाव, आयकॉन खेळाडू, रंगीत टी-शर्ट असा सगळा सरंजाम आता तालुक्याच्या मैदानावरही दिसतो. या स्पर्धांत डाव थोड्या षटकांचा असतो आणि गोलंदाजाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन षटके येतात. मार खाल्लेल्याला त्याच सामन्यात परत आणायला जागा क्वचितच उरते. त्यामुळे कर्णधाराची परीक्षा होते ती दुसऱ्या दिवशी, संघाची यादी देताना त्या गोलंदाजाचे नाव तो कायम ठेवतो की नाही यावर.